स्लीव्ह सर्जरीनंतर वजन परत वाढलंय, रिव्हिजन करून घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ५ वर्षांपूर्वी स्लीव्ह झाली (वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढून नळीसारखं पोट ठेवतात ते ऑपरेशन), ११२ किलोवरून ७४ पर्यंत आलात, आता काटा ९१ दाखवतोय, एका क्लिनिकने रिव्हिजन बायपासचं (म्हणजे परत ऑपरेशन करून छोट्या पोटाला थेट पुढचं आतडं जोडायचं, हार्टचा बायपास नव्हे) पॅकेज सांगितलंय आणि घरी सगळे म्हणतायत की पहिल्या वेळचेच पैसे पाण्यात गेले, आता परत कशाला. करू की नको हा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच की आत्ता हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका, आधी वजन का वाढलं ते शोधून काढायला लावा. नुसतं "वजन वाढलं" हे दुसऱ्या ऑपरेशनचं पुरेसं कारण नाहीये. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, पण माझी स्लीव्ह २०१५ ला झाली आणि २०२१ ला त्याचा बायपास करावा लागला, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीये.

आधी घरच्यांचं बघू. ११२ मधून ९१ वजा केले तर अजूनही २१ किलो कमीच आहात, पाण्यात काय गेलं? सगळ्यात कमी वजन ऑपरेशननंतर वर्ष दीड वर्ष, फार तर दोन वर्षं ह्या काळात असतं आणि तिथून थोडं वर येणं हे बहुतेक सगळ्यांचंच होतं. स्वीडनमध्ये २,००० च्या वर ऑपरेशन झालेल्या लोकांना वर्षानुवर्षं फॉलो केलं होतं, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं आणि १० वर्षांनी बघितलं तर तो आकडा २५ टक्के होता. म्हणजे बायपास करूनही थोडं परत आलंच. शरीर उतरलेल्या वजनाला विरोध करतं, बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी कमी होतात, भूक हळूहळू परत येते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढतात, त्यात भुकेचं घ्रेलिन हार्मोन बनवणारा वरचा फुगीर भागही जातो, म्हणून पहिलं वर्ष भूक म्हणजे काय तेच विसरायला होतं, जेवायची आठवण ठेवावी लागते, आणि मग एक दिवस दुपारी ४ वाजता ती परत येऊन दारात उभी राहते. हे सासूबाईंना सांगून पटणार नाही ते सोडा, पण तुम्हाला स्वतःला माहीत असावं, कारण ह्यात कॅरेक्टर ढिलं पडल्याचा काही संबंध नाही.

तरी पण ७४ वरून ९१ म्हणजे उतरलेल्या ३८ मधले १७ परत आलेत, हे "थोडं" मध्ये बसत नाही, त्यामुळे तपासायला हवंच, तिथे मी तुमच्याच बाजूची आहे.

कारणं ढोबळमानाने दोन गठ्ठ्यांत येतात, एक म्हणजे पोटाच्या रचनेत काही बदललंय का आणि दुसरं म्हणजे बाकी सगळं. लोक डायरेक्ट पहिल्यावर उडी मारतात, "माझं पोट परत मोठं झालं". होतं तसं कधी कधी, पण माझ्या बघण्यात बऱ्याच जणांचं उत्तर दुसऱ्या गठ्ठ्यात निघालं.

माझंच बघा ना. मला चिकनचे तीन चार घास गेले की छातीत दडपल्यासारखं व्हायचं, भाकरी तर गिळतानाच अडायची, मग ताट बाजूला. आणि संध्याकाळी घरी आल्यावर चहात बुडवलेली खारी मात्र काही न अडता जायची, एक झाली की दुसरी, वर मूठभर शेव, मुलाने अर्धं टाकलेलं वेफर्सचं पाकीट. नळीसारखं पोट घट्ट घासाला अडवतं, मऊ, कुरकुरीत, विरघळणाऱ्या गोष्टींना अडवतच नाही. त्यामुळे हात आपोआप जे सुखाने खाली उतरतं तिकडे जायला लागतो आणि कॅलरी सगळ्या तिथूनच येतात. डाएटिशियनने मला काही दिवस फक्त वेळ आणि पदार्थ लिहायला लावले, वजन कॅलरी काही नाही, आणि मग तो कागद समोर ठेवून पेनाने फक्त दोन जेवणांच्या मधल्या ओळींना गोल केले. कागद गोलांनीच भरला. जेवण अगदी आदर्श होतं हो माझं! तुम्ही पण आधी हे करा, फुकट आहे.

त्यात दोन तीन गोष्टी खास आपल्याकडच्या बघा. उपवास, म्हणजे साबुदाणा खिचडी, बटाटा, वेफर्स, सगळा स्टार्च आणि प्रोटीन म्हणाल तर शेंगदाण्याच्या कुटाचं काय असेल तेवढंच. आमच्याकडे श्रावणात सोमवार शनिवार दोन्ही असायचे, मी आता फक्त दूध, ताक, शेंगदाणे, पनीर ह्यावर धरते, देव काही रागावलेला नाही. दुसरं म्हणजे साखरेचा चहा दिवसातून चार पाच वेळा, तिसरं जेवताना घोट घोट पाणी, त्याने घास खाली ढकलला जातो आणि पोट भरल्याचं कळतच नाही, म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी नको सांगतात. प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम तरी सांगतात, एका अंड्यात साधारण ६ असतं, म्हणजे वरणभातावर तो आकडा गाठता येत नाही हे तुमचं तुम्हीच मोजा.

मग औषधं आणि रक्त. थायरॉइडची टीएसएच करा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू झालंय का, डिप्रेशनची किंवा झोपेची गोळी (मिर्टाझापिन, ओलान्झापिन ह्यांनी वजन वाढतं), इन्सुलिन, शुगरच्या काही जुन्या गोळ्या, फिटची व्हॅल्प्रोएट. ह्यातलं काही चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, प्लीज, ज्याने दिलंय त्याला विचारा की पर्याय आहे का. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर). वजन वाढलेलं असतानाही आतून कुपोषण असू शकतं हे मला स्वतःचा बी १२ चा रिपोर्ट बघेपर्यंत खरं वाटत नव्हतं. आणि ड्रिंक्स घेत असाल तर डॉक्टरला खरं सांगा, ह्या ऑपरेशननंतर दारू लवकर चढते आणि बायपासनंतर तर काही जणांना सवयच लागते.

आता पहिला गठ्ठा. रचना बघायला एंडोस्कोपी लागते आणि बेरियमसारखं औषध पिऊन काढलेले एक्सरे, काही ठिकाणी सीटी करून नळीत किती एमएल मावतं तेही मोजतात. बेरियमला मशीनला पाठ लावून उभं करतात, खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी हातात देतात, सांगतील तेव्हा एकच घोट, मग टेबल आडवं होतं आणि परत घोट. स्क्रीन माझ्या बाजूला थोडी वळलेली होती म्हणून मला दिसलं की आडवं झाल्याबरोबर ते पांढरं खाली जायच्या ऐवजी उलटं गळ्याकडे वर सरकलं. तिथेच माझं निदान झालं खरं तर. एंडोस्कोपीत हायटस हर्निया (पोटाचा वरचा भाग छातीत सरकलेला) निघाला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज.

म्हणजे मी दोन उशा लावून झोपत होते, रात्री आंबट पाणी घशात येऊन ठसका लागायचा, ॲसिडिटीची गोळी रोज, ते सगळं "वय झालं" मध्ये चाललं होतं. स्लीव्हमध्ये आत दाब जास्त राहतो त्यामुळे हे बरंच दिसतं. फिनलंडमध्ये २४० लोकांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली होती, १० वर्षांनी एंडोस्कोपी केली तर अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के जणांना आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. माझ्या सर्जननी स्पष्ट सांगितलं की तुमचं रिव्हिजन मी ह्या जळजळीसाठी करतोय, वजन उतरलं तर बोनस समजा. म्हणून नेहमीचा वाय आकाराचा बायपास आणि सोबत हर्नियाची दुरुस्ती. त्या वेळी मी ९३ होते, आज ८१ ते ८२ मध्ये असते. पहिल्या वेळी कपडे महिन्या महिन्याला सैल होत होते तसं ह्या वेळी झालं नाही. गोळी सुटली, सपाट झोपते, माझ्यासाठी तेच मोठं.

हे मुद्दाम सांगतेय कारण पॅकेज विकणारे पहिल्या ऑपरेशनचे फोटो दाखवून दुसरं विकतात. रिव्हिजनला वजन सहसा पहिल्याइतकं उतरत नाही आणि रिस्क पहिल्यापेक्षा जास्त असते, कारण आत आधीचे स्टेपल, चिकटलेले टिश्यू, कमी झालेला रक्तपुरवठा, त्यामुळे लीक (टाक्यातून आतलं बाहेर झिरपणं) आणि ब्लीडिंगची भीती जास्त. मलाही एका ठिकाणाहून फोन यायचे, "मॅडम ऑफर ह्याच महिन्यापर्यंत आहे", आणि तोपर्यंत माझी एंडोस्कोपी कोणी मागितलीसुद्धा नव्हती. तपासणीच्या आधी तारीख देणाऱ्याकडे जाऊ नका.

स्लीव्हनंतरचे पर्याय थोडक्यात: नळीचं तोंड आणि वरचा भाग खरंच फुगलेला दिसत असेल तर काही जण परत स्लीव्ह करतात, पण जळजळ असेल तर त्याने ती वाढायचीच शक्यता. मिनी बायपासने (ह्यात आतड्याचा एकच जोड असतो) वजन चांगलं उतरतं पण पित्त वर येण्याचा त्रास काहींना होतो, म्हणून ज्यांना आधीच रिफ्लक्स (आंबट वर येणं, जळजळ) आहे त्यांना बरेच सर्जन वाय बायपासच सुचवतात. आणखी लांब आतडं वगळणारी ऑपरेशनं आहेत, सादी (SADI) वगैरे, त्यात वजन जास्त उतरतं पण जुलाब, प्रोटीन कमी पडणं, व्हिटॅमिन आयुष्यभर न चुकता, आणि रक्ताच्या तपासण्या दरवर्षी. शाकाहारी असाल आणि गोळ्या विसरणाऱ्यातल्या असाल तर हे नीट विचार करून. बायपासनंतर सिगारेट आणि कॉम्बिफ्लामसारख्या दुखण्याच्या गोळ्या बंद, जोडाला अल्सर होतो.

आणि मधला एक रस्ता आहे जो मला २०२१ ला फारसा कोणी सुचवला नव्हता, तो म्हणजे भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही (ह्यातलं औषध सेमाग्लुटाइड) आपल्याकडे आलं. ऑपरेशनचा नीट परिणाम न झालेल्या ७० पेशंटवर इंग्लंडमध्ये आधीच्या पिढीतल्या लिराग्लुटाइडचा अभ्यास झाला होता, २४ आठवड्यांत वजन सुमारे ९ टक्क्यांनी उतरलं, ज्यांना डमी इंजेक्शन दिलं त्यांचं जवळपास काहीच नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एकीचं वजन तुमच्यासारखंच परत वाढलं होतं, पण तपासलं तर पोट जसंच्या तसं, जळजळ नाही, फक्त भूक परत आलेली, तिला सर्जननीच ऑपरेशन नको म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) पाठवलं आणि ती खूश आहे. पण बंद केलं की वजन परत येतं, सेमाग्लुटाइड थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलंय, म्हणजे खर्च लांब पल्ल्याचा धरा. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होते, आणि आपलं खाणं आधीच कमी, त्यात ते आणखी कमी झालं तर प्रोटीन पार कोसळतं, त्यामुळे हे जिममधल्या कोणाकडून किंवा ऑनलाइन मागवून स्वतः टोचायचं काम नाही. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल किंवा तुम्हाला आधी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर पहिल्यांदा तेच सांगा.

पैशाचं: इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका. पॉलिसीत ह्या सर्जरीसाठी साधारण अट अशी असते की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हार्टचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा कंट्रोलमध्ये नसलेला डायबिटीस, आणि बाकीचे उपाय करूनही वजन न उतरलेलं. तुमची उंची १६० सेंमी धरली तर ९१ ला बीएमआय साडेपस्तीस येतो, म्हणजे एकदम काठावर. हॉस्पिटलमधला माणूस तोंडी "होऊन जाईल" म्हणेल, तुम्ही प्रीऑथ (इन्शुरन्स कंपनीची आगाऊ मंजुरी) लेखी येईपर्यंत ॲडव्हान्स भरू नका.

जाताना पहिल्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि ओटी नोट्स (ऑपरेशनच्या नोंदी) घेऊन जा, नळी कितीच्या ट्यूबवर बेतली होती (३६ का ४० फ्रेंच, हे ट्यूबच्या जाडीचं माप) आणि तेव्हा हर्निया दिसला होता का हे त्यात लिहिलेलं असतं. नसतील तर पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करा, मिळतात, दोन तीन चकरा माराव्या लागतील. जमलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, जो इंजेक्शनबद्दलही बोलेल असा.

आणि एक, तुम्ही एवढं सगळं लिहिलंय पण जळजळीबद्दल एक शब्द नाहीये. रात्री आडवं झाल्यावर घशात आंबट येतं का, कोरडा खोकला, सकाळी आवाज बसलेला, ॲसिडिटीची गोळी रोज लागते का? खाली कमेंटमध्ये सांगा, माझं निम्मं उत्तर त्यावर बदलेल.