पोट भरलेलं मांजर पाली का मारतं?

तुम्ही विचारलंय की घर शाकाहारी आहे, मांजराला दोन्ही वेळा पोटभर दूधभात मिळतो, तरी ते पाली आणि चिमण्या मारून दारात आणून टाकतं. मग त्याला रागवावं का, की भात वाढवावा? माझ्या मते यातलं काहीच करू नका.

भूक आणि शिकार या मांजराच्या बाबतीत बऱ्याच वेगळ्या गोष्टी आहेत. उंदीर, पाली असं बारीकसारीक खाऊन जगणाऱ्या मांजराला दिवसात आठ-दहा वेळा तरी खावं लागतं, आणि झडप तर कितीदा फुकट जाते. भूक लागेपर्यंत थांबलं असतं तर ते उपाशीच राहिलं असतं. म्हणून काही सळसळलं की ते दबा धरतंच. प्रयोगात तर आवडीचं खाणं चालू असताना समोर उंदीर सोडला, तेव्हा मांजरांनी खाणं सोडून तो मारला आणि परत येऊन उरलेलं खाणं संपवलं! मारण्याआधी खेळवत बसतं, त्यालाही कृपा करून क्रूरपणा म्हणू नका. उंदीर कडकडून चावतो. तो दमेपर्यंत तोंड जवळ न नेणं शहाणपणाचं असतं.

खरी काळजी मला दूधभाताची वाटते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच घातलं जातं, पण ती मांजरं उरलेली गरज बाहेर उंदरांवर भागवत होती. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमकुवत होतं. गाजर-भोपळ्यापासून 'अ' जीवनसत्त्वही त्याला बनवता येत नाही. गोड चव तर कळतच नाही. मोठ्या मांजराला दूध बहुतेकदा पचत नाही, पातळ शी होते.

घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरासाठीचं तयार खाणं आणा, पाकिटावर 'संपूर्ण आहार' असल्याचं बघून. नुसत्या अंड्यावर भागत नाही. चिकन चालत असेल तर मीठ, कांदा, लसूण न घालता उकडा आणि ते पाणी फेकून देऊ नका, टॉरिन त्यात उतरतं. तरी रोजचं सगळं खाणं फक्त चिकनवर ठेवू नका.

२०२१ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीचा म्हणावा असा उपयोग दिसला नाही. तेव्हा काठीला दोरीने पीस बांधा, संध्याकाळी जमिनीलगत पळवा, शेवटी मांजराला ते पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. दोरी मात्र उचलून ठेवा. गिळली तर आतड्यात अडकते, ऑपरेशनची वेळ येते.

रागावलात तर ते तुमच्या नजरेआड मारेल, एवढंच. आणलेली पाल चुपचाप उचला, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. सोसायटीत उंदरांचं विष टाकलं असेल तर मांजर बाहेर सोडूच नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरालाही विषबाधा होते.

नवं खाणं आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातून जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. एक दिवस तोंड लावलं नाही तर जुनंच खाणं द्या, तेही नको म्हणालं तर सरळ डॉक्टरांकडे न्या.