हर-टू ‘दोन प्लस’ आलंय: थांबायचं की केमो सुरू करायची?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही गारगोटीजवळच्या गावात राहतो. माझ्या सासूबाईंच्या (वय ५६) डाव्या स्तनात गाठ आली. कोल्हापुरात सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. आता दुसरा रिपोर्ट आलाय : ईआर ८/८, पीआर ५/८, हर-टू २+. डॉक्टर म्हणतात, ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी करू, तोवर थांबा. दीर म्हणतात, कॅन्सर आहे हे ठरलंय, मग पैसे आणि दिवस कशाला घालवायचे? आणि ‘हार्मोनचा कॅन्सर’ हे ऐकल्यापासून सासूबाई सारख्या म्हणतात, मी कधी कसली गोळी घेतली नाही, मग मला हे का? काय करावं?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं. इस्ट्रोजेन हे हार्मोन प्रत्येक बाईच्या शरीरात असतं. पाळी गेल्यावरही चरबीत वगैरे थोडं तयार होतच राहतं. काही गाठींच्या पेशींमध्ये ते धरून ठेवणारे रिसेप्टर असतात आणि त्या जोरावर त्या पेशी वाढतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचे. तपासणीत आम्ही हे रिसेप्टर आहेत का, एवढंच पाहतो. सासूबाईंनी काही खाल्लं, काही घेतलं, असा त्याचा अर्थ नाही. हे त्यांच्याजवळ बसून सांगा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगा.

आता ८/८. रिसेप्टर असलेल्या पेशींची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. किती पेशी रंगल्या याचे पाचपर्यंत गुण, रंग किती गडद याचे तीनपर्यंत. आठपैकी आठ म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त पेशी, आणि रंग गडद. वाईट आजारातली ही चांगली बातमी आहे.

तुमच्याकडे ऊस असेल तर दारं धरणं काय असतं ते मी सांगायला नको. इस्ट्रोजेन म्हणजे पाणी समजा. टॅमॉक्सिफेन ही गोळी सरीचं दार बांधते, पाणी आलं तरी आत शिरत नाही. लेट्रोझोल ही गोळी मोटरच बंद करते. पाळी गेलेल्या बाईला बहुधा लेट्रोझोलच्या गटातली गोळी देतात : रोज एक, निदान पाच वर्षं. त्या गोळीने हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता तपासून घ्या. ज्यांची गाठ ईआर निगेटिव्ह असते त्यांना यातली कुठलीच गोळी उपयोगी पडत नाही. म्हणून या तपासणीआधी औषध ठरवणं म्हणजे अंदाजाने चालणं.

दिरांची काळजी खरी आहे, पण हर-टू २+ हा निकाल अर्धा आहे. हर-टू हे पेशीला वाढायला लावणारं एक प्रथिन, आणि ते बनवणारं जनुकही त्याच नावाचं. शून्य किंवा १+ आलं असतं तर निगेटिव्ह धरलं असतं, ३+ आलं असतं तर पॉझिटिव्ह. दोनला नक्की काही म्हणता येत नाही, म्हणून फिशमध्ये त्या जनुकाच्या प्रती मोजतात. पॉझिटिव्ह आलं तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाची इंजेक्शनं लागतात, साधारण वर्षभर. ऑपरेशन आधी की औषधं आधी, हेही त्यावर बदलू शकतं. त्यासाठी काही दिवस थांबल्याने बिघडत नाही. चुकीच्या औषधाने सुरुवात झाली तर मात्र बिघडतं. खर्चाचं म्हणाल तर रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्रांना भेटा, कोणती तपासणी योजनेत बसते ते विचारा.

फिशसाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. पहिल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, त्यातूनच ती होते. तो ब्लॉक लॅबमधून मागता येतो. घेताना वरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा आणि तो उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आणि आता जे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय ते. पुढे ऑपरेशन होईल, गाठ बरणीत घालून कदाचित तुमच्याच हाती देतील. माझ्याकडे तालुक्यातून एसटीने अशा बरण्या येतात. कधी गाठ नुसत्या सलाइनमध्ये, कधी तळाला चमचाभर फॉर्मलिन, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणारं द्रावण. तशा गाठीतले रिसेप्टर विरून जातात आणि ज्या बाईला गोळीने फायदा झाला असता तिचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा : गाठ तासाभरात दहा टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये जाईल ना? फॉर्मलिन गाठीच्या दहापट हवं. गाठ मोठी असेल तर मधे काप द्यावा लागतो, नाहीतर आतपर्यंत पोचत नाही. गाठ त्यात किमान सहा तास राहावी, जास्तीत जास्त बहात्तर. असं विचारलं म्हणून कुठल्याही चांगल्या सर्जनला राग येणार नाही. निगेटिव्ह लिहिण्याआधी मी गाठीशेजारच्या निरोगी दुधाच्या नळ्याही पाहते. त्यातल्या काही पेशी तरी रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या दिसल्या तर त्या निकालावर मी सही करत नाही, दुसरा तुकडा मागवते.

प्रश्न : आईचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं, तेव्हा ईआर पॉझिटिव्ह होतं. आता मणक्यात आजार दिसतोय. डॉक्टर पुन्हा तुकडा काढायचा म्हणतात. जुना रिपोर्ट असताना कशाला? (इचलकरंजी)

उत्तर : कारण परत आलेल्या आजारात रिसेप्टर बदललेले असू शकतात, आणि औषध आताच्या आजाराला द्यायचंय. तुकडा काढता येण्याजोगा असेल तर काढू द्या. फक्त हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर ही तपासणी फसू शकते. ईडीटीए हे हाड मऊ करणारं सौम्य रसायन आहे. ‘रिसेप्टर तपासायचे आहेत, ईडीटीए वापरा’ एवढं डॉक्टरांकडून लॅबच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.