शाळेत नुसतं खेळतो, लिहीत काहीच नाही!

बालवाडीच्या पालकांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी काळजी ही: शाळेत खेळवतात, लिहायला शिकवत नाहीत, पहिलीत मागे पडेल. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एक मराठी कुटुंब माझ्याकडे तीच काळजी घेऊन आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा साडेचार वर्षांचा. त्याच्या बालवाडीत आपलं काम मूल आपणच निवडतं. आईच्या जावेची त्याच वयाची मुलगी मात्र शंभरपर्यंत आकडे लिहिते. म्हणून आजी रोज संध्याकाळी त्याला चौकटीच्या वहीत आकडे गिरवायला बसवू लागल्या. थोड्याच दिवसांत सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

"ताई, एवढी फी भरतो ती काय पाणी ओतायला?" आई म्हणाली.

मी समजवायच्या भानगडीत पडले नाही. बाईंना विचारून तासभर वर्गात कोपऱ्यात बसा आणि दिसेल तेवढंच लिहून आणा, म्हटलं. तिची नोंद अशी: 'छोटा तांब्या घेतला. पाच पेल्यांत पाणी ओतलं. एकात जास्त झालं, सांडलं. बाईंकडे बघितलं, बाई हलल्या नाहीत. स्वतः फडकं आणलं, पुसलं, पिळलं. परत ओतलं. शेजारची मुलगी तांब्या मागत होती, तिला म्हणाला, थांब, माझं होऊ दे. वीस मिनिटं.' खाली रेघ मारून: 'लिखाण काही नाही.'

"घरी वहीपुढे किती वेळ बसतो?"

"दोन मिनिटंसुद्धा नाही," म्हणाली, आणि स्वतःच कागदाकडे बघत राहिली.

फडकं पिळताना, तांब्या तोलताना मनगट आणि बोटं तयार होतात. मनगटात आठ हाडं असतात आणि या वयात त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. मुलगा पेन्सिल मुठीत धरतो म्हणून आजी रागवत होत्या. तो हट्ट नव्हता, हाताची तयारी व्हायची होती.

आजोबांना हे सगळं परदेशी फॅड वाटत होतं. मुलाच्या कलाने शिकवायची ही पद्धत मांडणाऱ्या मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिली बालशाळा काढली हे खरं. पण गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे हेच काम बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर घेऊन गेल्या. गिजुभाईंचं नाव निघाल्यावर आजोबा जरा नरमले. गुजरातेत ते नाव चालतं.

मुलाच्या कलाने शिकवणं म्हणजे मोकाट सोडणं मात्र नव्हे. त्या नावाखाली प्लास्टिकची खेळणी ओतून बाई मोबाइलवर, असेही वर्ग मी पाहिले आहेत. पारख सोपी आहे: गेल्या आठवड्यात माझ्या मुलाने काय केलं, हे बाईंना विचारा. या मुलाच्या बाईंनी पाणी ओतण्याचं तर सांगितलंच, गोष्टीच्या वेळी तो अजून गोलात टिकत नाही हेही सांगितलं. म्हणजे त्या बघत होत्या.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. साडेचारच्या मुलाला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, परक्याला त्याचं बोलणं कळत नसेल, भातुकली किंवा खोटं-खोटं खेळणं अजिबात नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या. इथे तसं काहीच नव्हतं.

बाबांचा प्रश्न थेट होता: पहिलीचं काय? गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. हातात वेळ भरपूर होता. वही बंद करायचं ठरलं. संध्याकाळी आजीसोबत मटार सोलायचे, ताटं मांडायची, कोण जेवायला आहे ते मोजून. अक्षर कसं काढायचं हे त्याने आपणहून विचारलं, तर फरशीवर खडूने मोठं काढून दाखवायचं.

पोटदुखी थांबली. जावेच्या मुलीशी तुलना मात्र चालूच आहे, आणि ती आजींपेक्षा आईच्याच मनात जास्त आहे. त्यासाठी तिला एकटीला पुन्हा बोलावलं आहे.