परकं सैन्य चालीरीती न कळल्यामुळे हरतं का?

तुम्ही विचारलंय की अफगाणिस्तानसारख्या देशात बाहेरचं सैन्य तिथली संस्कृती न कळल्यामुळे फसतं, हे खरं की हरल्यावर शोधलेली सबब. माझ्या मते खरं आहे. पण संस्कृती म्हटलं की बूट कुठे काढायचे, कोणत्या हाताने खायचं असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तेवढं कुणालाही शिकवता येतं. न कळणारी गोष्ट वेगळी असते आणि ती समजायला पुण्याबाहेर जावं लागत नाही.

१८९७ चा प्लेग घ्या. प्लेग समितीची सूत्रं रँड या इंग्रज अधिकाऱ्याकडे होती आणि घरं तपासायला गोरे सोजीर, म्हणजे इंग्रज शिपाई, लावले होते. रोगी शोधायचे, इस्पितळात हलवायचे, घर धुऊन काढायचं. साथीच्या दृष्टीने यातलं बरंचसं गैर नव्हतं. टिळकांनी स्वतः प्लेगच्या इस्पितळासाठी खटपट केली होती. पण सोजीर बुटांसकट माजघरात, देवघरात, थेट चुलीपर्यंत गेले. बायकांना तपासणीसाठी बाहेर काढलं. आणि रँडच्या अहवालात समाधानाने नोंद आहे की कुणा स्त्रीचा जाणूनबुजून अपमान झाल्याची विश्वास ठेवण्याजोगी तक्रार आली नाही. त्या ‘जाणूनबुजून’वर मी नेहमी अडखळते. आत शिरणारा आपला हेतू मोजतो. घरातल्यांना हेतू दिसत नाही, चुलीपाशी उमटलेला बूट दिसतो. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गोळी घातली.

आता अफगाणिस्तान. आमच्या औंधच्या घरात वरच्या खोलीत एक अफगाण विद्यार्थी तीन वर्षं भाड्याने राहिला. वरचा जिना आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरून जातो आणि ते दार दिवसभर उघडंच असतं. हा मुलगा खालच्या पायरीशी थांबून खाकरायचा, “काकू, येतो” म्हणायचा आणि मी “ये” म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून वर जायचा. मी कितीदा सांगितलं, अरे, असं काही लागत नाही. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरायचा. त्यांच्या गावात म्हणे दार वाजवून माणूस बाजूला सरकून उभा राहतो, दार उघडलं तर आतलं दिसू नये म्हणून.

त्याच्या काकांच्या घरात एकदा रात्री परदेशी सैनिक शिरले होते. कुणी मेलं नाही, ज्याला शोधत होते तो तिथे नव्हताच. पुरुषांना हात बांधून अंगणात बसवलं आणि बायकांच्या भागात कुत्रं घेऊन झडती घेतली. काही दिवसांनी मोडलेल्या दाराचे पैसे दिले गेले. काकांनी ते घेतले, नवं दार बसवलं. पण पुढे रस्त्यात सुरुंग कुठे पुरलाय हे ठाऊक असायचं, तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं नाही.

नुकसान होतं ते इथे. सैन्याला लागते माहिती, आणि ती देणारा भला माणूस गप्प होतो. मग बोलायला उरतो तो शेजाऱ्याशी जमिनीवरून वैर असलेला. त्याच्या सांगण्यावरून पुढची झडती, पुन्हा चुकीच्या घरात. तेव्हाचे अफगाण राष्ट्राध्यक्ष करझाई या रात्रीच्या झडत्यांविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत होते. त्या अफगाणांच्या नियंत्रणाखाली आणायचा करार झाला एप्रिल २०१२ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन दहा वर्षं उलटल्यावर. त्या मानाने २००७ मध्ये खोस्तमध्ये मुलांसाठी वाटलेल्या फुटबॉलवर सौदी झेंडा छापलेला निघाला, त्यावर कलमा, म्हणजे इस्लामचं पवित्र वचन असतं, आणि निदर्शनं झाली, ती चूक माफीने निस्तरण्याजोगी होती.

सगळं खापर यावर फोडू नका. काबूलमधल्या सरकारचा भ्रष्टाचार होता, पाकिस्तानात तालिबानला आसरा होता. २०२१ मध्ये तालिबान परत सत्तेवर आले, तो शेवट त्यांच्यामुळेही झाला.

आणि ‘ते गोरे, त्यांना काय कळणार’ असंही म्हणू नका. १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तिची जबाबदारी पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडकडे होती. तिथल्या तमिळांच्या जाफन्यात सुरुवातीला स्वागत झालं, हार पडले. तमिळ आपलेच, असं आपण धरून चाललो. ऑक्टोबरमध्ये त्याच जाफन्यात तमिळ बंडखोरांशी, एलटीटीईशी, लढाई पेटली. १९९० मध्ये सैन्य परत येईपर्यंत हजाराहून जास्त जवान गेले. परक्याला निदान आपण परके आहोत हे माहीत असतं, आपल्याला तेही वाटलं नव्हतं.

एकदा त्या मुलाबरोबर रिक्षाने गणेशखिंड रस्त्याने जाताना मी त्याला रँडची हकिकत सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ते तुमच्याकडे दिवसा यायचे की रात्री?”

“दिवसा,” मी म्हणाले.

विद्यापीठाचं फाटक येईपर्यंत तो काही बोलला नाही.