घंटेला गुंडाळलेला रुमाल

प्रश्न: मी 48 वर्षांचा अभियंता असून नास्तिक आहे आणि सत्यशोधक विचारांचा वारसा मानतो. वडील गेल्यापासून आई नाशिकला माझ्याकडे असते. ईश्वर नाही हे निरपेक्ष सत्य असून तिची श्रद्धा ही केवळ तिची वैयक्तिक समजूत आहे, हे मी तिला दोन वर्षे सांगतो आहे. ती वाद घालत नाही, 'असेल बाबा' म्हणते आणि पुन्हा तेच करते. बाकी तिचा त्रास नाही. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेते, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मुकाट्याने करून घेतली, आणि मला त्रास नको म्हणून पूजासुद्धा घंटेला रुमाल गुंडाळून करते. सत्य आणि समजूत यांतला फरक तिच्या गळी कसा उतरवावा?

उत्तर: तुमच्या पत्रात रुमालाच्या वाट्याला अर्धे वाक्य आले आहे आणि मी तिथेच थांबले. काल रात्री आमच्या घरातील पितळी घंटेला रुमाल गुंडाळून मी ती वाजवून पाहिली. रिकामा डबा फळीवर टेकवावा तसा बद्द आवाज येतो आणि तो देव्हाऱ्याबाहेर जात नाही. देवांनी यावे आणि राक्षसांनी निघून जावे यासाठी घंटा वाजवायची, असे घंटापूजनाच्या श्लोकात सांगितले आहे. तुमच्या आई देवाला बोलावतात तेही मुलाच्या कानावर जाऊ नये अशा बेताने. राक्षसांविषयी मी काही म्हणत नाही.

मी कोणत्या बाजूची, अशी शंका नको. देवापुढे मी शेवटचे हात जोडले त्याला तीस वर्षे झाली. ईश्वर असणे वा नसणे तुमच्या किंवा आईंच्या मतावर अवलंबून नाही, इतक्यापुरते सत्य निरपेक्ष आहे हे मला मान्य आहे. पण ते निरपेक्ष आहे म्हणून तुमच्याच खिशात आहे, असे होत नाही. तुमच्याकडे आहे ते विचारपूर्वक बनवलेले एक मत आहे, ते माझेही आहे, आणि जिथे कसोटी लावता येत नाही तिथे ते मतच राहते. अंगाऱ्याने रक्तातील साखर उतरते असे आई म्हणाल्या असत्या, तर ग्लुकोमीटरने तिथल्या तिथे निकाल लावला असता आणि मीही तुमच्या बाजूने भांडले असते. त्या तसे म्हणत नाहीत. साखरेसाठी गोळी घेतात, डोळ्यांसाठी डॉक्टरांकडे जातात आणि उरलेले देवाशी बोलतात. तपासता येण्याजोगे कुठे संपते आणि मनातले कुठे सुरू होते, ही रेघ त्यांना तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसते आहे.

सत्यशोधक वारशाचे नाव तुम्ही काढले, म्हणून थोडे त्याविषयी. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन केलेला सत्यशोधक समाज नास्तिकांचा नव्हता. जगाच्या निर्मात्याला ते 'निर्मिक' म्हणत आणि मानतही. त्यांचा राग होता तो निर्मिक आणि माणूस यांच्या मध्ये ठाण मांडून, कोणी कशी प्रार्थना करावी हे ठरवणाऱ्या मध्यस्थावर. भटजीवाचून लग्ने लावण्याचा आग्रह त्यातूनच आला. तुमच्या घरात भटजी येत नसतील. ती जागा कोणी घेतली आहे, ते रुमालावरून कळते.

'असेल बाबा' या शब्दांना तुम्ही होकार समजला आहात की हट्ट, ते पत्रावरून कळत नाही. मला त्यात घर मुलाचे आहे, हे क्षणभरही न विसरणारी बाई दिसते.

उद्या सकाळी त्या पूजेला बसण्यापूर्वी तो रुमाल स्वतःच्या हाताने सोडा. त्यावर भाषण नको, क्षमायाचनाही नको आणि हात जोडण्याचे तर कारणच नाही. रुमालाची घडी करून कपाटात ठेवा आणि आंघोळीला जा. इतक्या दिवसांची सवय आहे, तेव्हा पहिल्या दिवशी त्या घंटेला हात लावणार नाहीत, असे मला वाटते. तसे झाले, तर चहा घेताना सहज विचारा, "आई, आज घंटा ऐकू आली नाही?"