"आमच्या घराण्यात कोणी साठी बघितली नाही, मग वजन कमी करून काय करू?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. मध्यंतरी एक गृहस्थ आले होते, चाळिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी, वडील ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, मोठे काका पण तसेच लवकर. वजन वाढत चाललेलं म्हणून बायकोने मागे लागून आणलं, आणि यांचं एकच, रक्तातच आहे मॅडम, मग जिभेचे हाल कशाला करू.

मी म्हटलं चला, कागदावर वंशावळ काढू, प्रत्येकाच्या नावाखाली वय, आजार आणि सवयी लिहायच्या. वडिलांच्या खाली विड्या आल्या, काकांच्या खाली तंबाखू आणि शुगर, तीही औषध न घेता अंगावर काढलेली. वडिलांना बहीण नाही का विचारलं तर म्हणाले आहे ना, आत्या, ८१ ची, साताऱ्याला असते. तिला त्यांनी हिशोबात धरलंच नव्हतं! आता बायका तशाही जास्त जगतात, त्यामुळे एकट्या आत्यावरून काही सिद्ध होत नाही, पण "आमच्यात कोणी जगत नाही" हे वाक्य तिथेच ढिलं पडलं.

डेन्मार्कमधल्या जुळ्यांवरचा १९९६ चा अभ्यास सांगतो की माणसामाणसांच्या आयुष्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम पाव हिस्सा जनुकांचा. एडिनबरा विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात सहा लाखांवर लोकांची माहिती होती, त्यात जास्तीचा प्रत्येक किलो साधारण दोन महिने कमी करतो आणि रोजचं एक पाकीट सिगरेट सात वर्षं, असा अंदाज निघाला. हे ऐकून ते लगेच बोटांवर मोजायला लागले, चौदा किलो म्हणजे अठ्ठावीस महिने. मी थांबवलं, ही सरासरी आहे हो, तुमची तारीख नाही.

जीन्सचं काहीच नसतं असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. काहींना जन्मतःच भूक जास्त लागते, वजन पटकन चढतं, त्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे. आणि वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, बारीक असाल तरी, कारण आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांच्या पोटातही चरबी असते. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर, बायकांची ८० च्या वर गेली की तपासून घ्या.

यांनी इतकी वर्षं भीतीपोटी कोलेस्टेरॉल तपासलंच नव्हतं. तपासलं तर बरंच वाढलेलं निघालं. आता डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, जेवणानंतर दोघं चालायला जातात, वजन हळूहळू उतरतंय. पुढच्या वेळी मुलाला घेऊन या म्हटलंय, तो सतरा वर्षांचा आहे आणि बाबांचं "रक्तातच आहे" लहानपणापासून ऐकत आलाय.