मांडणी टिकत नाही

प्रश्न : उबुंटू या संगणक प्रणालीवर डाव्या उभ्या मॉनिटरवर गुजराती मूळ, उजव्यावर माझा मराठी अनुवाद असतो. लॅपटॉप घरी नेऊन परत जोडला की डावा पुन्हा आडवा! – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, केबली रोज त्याच पोर्टांत लावता का? माझा पहिला संशय तिथेच. ग्नोम, म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप सांभाळणारा प्रोग्राम, मॉनिटर ओळखताना कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि पोर्टचं नावही बघतं. पोर्ट बदलला की त्याच्या लेखी ती नवीच जोडी. केबलींना रंगीत पट्ट्या चिकटवाच.

टर्मिनलमधून एक्सरँडर या पडदा फिरवायच्या कमांडने फिरवत असाल, तर तो बदल चालू सत्रापुरताच; सेटिंग्जमधून करा. तो होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट कॉन्फिगमध्ये, मॉनिटर्स डॉट एक्सएमएल या फाइलीत लिहिला जातो. त्या फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे प्रणालीच्या मुख्य प्रशासक खात्याकडे गेली असेल तर काहीच जतन होणार नाही, तेवढं तपासा. लॉगिनचा पडदा मात्र ही फाइल वाचत नाही. तो आडवा दिसला तरी घाबरू नका.